कुत्र्यांच्या डोसवाल्या बाई

बाईंना कुत्री आवडत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कडावच्या आसपास ज्यांनी त्यांना हिंडताना पाहिलं आहे त्यांचा समज अगदी उलटा झालेला असतो. नेटकी नेसलेली सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात भाकरी उलटायचा लांब चिमटा, चिमट्याच्या टोकाला सुक्या बोंबलाचा तुकडा आणि त्या वासाने मागे मागे चाललेली गावातली कुत्री. बघणाऱ्याला वाटावं, केवढा जीव आहे बाईंचा मुक्या जनावरांवर. तसं काही नव्हतं. चिमटा लांब होता तो भीतीपोटी. सगळ्या जन्मात त्यांनी एकाही कुत्र्याला हात लावला नव्हता, आणि लावायची इच्छाही नव्हती.

मी एकदा त्यांना तसं विचारलंही होतं, की आवडत नाहीत तर एवढी उठाठेव कशाला.

"मला पोरं तरी कुठं आवडायची?" त्या म्हणाल्या. "रडकी, शेंबडी. चावायची पण. तरी जन्मभर डोस पाजलाच ना? आवडण्याचा काय संबंध गं?"

बाई माझ्या घरमालकीण. सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्या भागातल्या दोन पिढ्यांना त्यांनी पोलिओचे थेंब पाजलेले, दंडावर सुया टोचलेल्या, कित्येकांना तर जगात आणलेलं. मालक वारले होते, मुलगी सासरी पुण्याकडे. घरात त्या एकट्या, देवळीत बुद्धाची लहानशी मूर्ती आणि पुढच्या अंगाची एक खोली रिकामी. मी माणदेशातून आलेली, जनावरांच्या दवाखान्यात पहिलीच नेमणूक. ती रिकामी खोली मी भाड्याने घेतली. बाई मला 'डॉक्टर' म्हणत आणि लगेच त्याला 'गं' जोडत, त्यामुळे मान मिळाला की दरडावणी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरात त्यांचे कायदे होते. चप्पल फाटकाच्या आत येता कामा नये. पाणी उकळलेलंच. भाजी तीन पाण्यांतून, त्यातलं मधलं मिठाचं. काकडी, टोमॅटो, मुळा कच्चा खायचा नाही. कोशिंबीर या घरात होत नसे. कोथिंबिरीवर त्यांचा विशेष राग. ती घालायचीच तर आमटीत आधी घालून तिचा रंग जाईपर्यंत शिजवायची. एकदा आम्ही चौकला हायवेवरच्या ढाब्यात मिसळ खायला थांबलो. बाईंनी चष्मा लावला आणि मिसळीवरचं एकेक कोथिंबिरीचं पान चमच्याने उचलून बशीच्या कडेला लावायला सुरुवात केली. ढाबेवाला बघत उभा राहिला. "काय झालं बाई, किडा हाय का?" "नाय. किडा दिसला असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या, आणि पानं वेचत राहिल्या. माझी मिसळ संपली तरी त्यांची सुरू व्हायची होती.

या सगळ्याला कारण होतं. माझ्या येण्याआधी दोनेक वर्षं बाईंच्या उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. त्यांनी ते पित्त म्हणून अंगावर काढलं. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तपासलं तर यकृतात पाण्याची गाठ निघाली, चांगली शहाळ्याएवढी. ऑपरेशन झालं. नंतर राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरने सहज विचारलं, "घरी कुत्रा आहे का मावशी? हा आजार कुत्र्यापासून येतो."

बाईंना तो आपला अपमान वाटला. ज्या बाईने कुत्र्याला कधी हात लावला नाही, जिच्या अंगणात कुत्रं पाऊल टाकायला धजत नाही, तिला हे विचारायचं? टाके ओले होते तरी त्या त्याच्याशी भांडल्या. तो बिचारा सरळ माणूस होता. त्याने स्टुलावर बसून सगळं समजावून सांगितलं. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, गवतात, भाजीवर जातात. चरताना ती शेळीच्या पोटात गेली की शेळीच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याचे फोड धरतात. शेळी कापली की ती फोड आलेली कलेजी कुणी खात नाही, कुत्र्यापुढे टाकतात. कुत्र्याने ती खाल्ली की पुन्हा जंत. आणि अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसालाही शेळीसारखेच फोड.

"त्यानं ते बोलून संपवलं," बाई मला सांगत होत्या, "आणि मी गप झाले. आमच्याकडं सणासमारंभाला बकरं कापलं की कलेजी निवडायला मीच बसायची. नर्स ना मी. फोड असलेली कलेजी माणसांत जाऊ द्यायची नाय म्हणून बाजूला काढायची. आणि कुठं टाकायची? कुंपणाबाहेर. कुत्र्यांना. वर बोलायची, खा बाबांनो, तुमची पण मज्जा. इतकी वर्षं. म्हणजे मला कुत्र्यानं नाय दिलं गं. मीच त्याला दिलं, त्यानं परत केलं."

मी तिथे राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई माझ्या दवाखान्यात आल्या आणि टेबलासमोर बसल्या. "पोलिओची लस हाय, गोवराची हाय. याची कुत्र्यांसाठी लस नाय का?"

नाही म्हटलं. कुत्र्यांना लस आहे ती पिसाळण्याच्या रोगाची. या जंताला लस नाही, गोळी आहे, आणि ती दर तीन महिन्यांनी द्यावी लागते.

"दर तीन महिन्यांनी? म्हणजे कायमचं?"

"कायमचं."

त्यांचा चेहरा उजळला. निवृत्त माणसाला 'कायमचं' या शब्दाने इतका आनंद झालेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्या वर्षी दवाखान्यातर्फे आम्ही गावोगाव कुत्र्यांना पिसाळण्याची लस टोचायला निघालो तेव्हा बाई बरोबर आल्या. सुई माझी, गोळी त्यांची. लोकांनी दोन्हीला मिळून एकच नाव दिलं: कुत्र्यांचा डोस. आणि बाई झाल्या डोसवाल्या बाई. कडावच्या नाक्यावर एकजण म्हणाला, "माणसांची पोरं संपली वाटतं बाई, आता कुत्र्यांच्या पोरांना धरलंत." बाई थांबून म्हणाल्या, "तुला डोस पाजताना तू माझा अंगठा चावला होतास. कुत्री तेवढी तरी नाय चावत." त्या माणसाच्या पोराबाळांसमोर हे झालं.

त्यांची पद्धत सगळी पोलिओच्या मोहिमेतून आलेली. पहिला नियम, गिळल्याशिवाय डोस नाय. कुत्री लबाड असतात. बोंबील खाऊन गोळी तेवढी जिभेने बाजूला सारतात आणि आपण वळलो की थुंकतात. बाई चिमटा पुढे करून कुत्र्याच्या गळ्याकडे टक लावून उभ्या राहत. "गीळ. गीळ रं राजा. आ कर. दाखव." कुत्रं आ करीत नसे, पण बाईही हलत नसत. दुसरा नियम खुणेचा. डोस झालेल्या पोराच्या करंगळीला शाई लावतात तसं काठीच्या टोकाला कापूस गुंडाळून त्या कुत्र्याच्या कपाळावर जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचा ठिपका देत. मग आठवडाभर त्या टापूत जांभळ्या कपाळाची कुत्री फिरत. "बाई, तुमी टिळा-बिळा मानत नाय ना? मग कुत्र्यांना लावता तो?" असं कुणी छेडलं की त्या शांतपणे सांगत, "खूण हाय ती. टिळ्यानं काय होत नाय, खुणेनं दोनदा डोस जात नाय."

तिसरा नियम लोकांना सगळ्यात जड जाई. गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं आणि त्याची विष्ठा पुरायची. नाहीतर मेलेल्या जंतांची अंडी परत मातीतच. सगळे हो हो म्हणत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फावडं घेऊन गावात हजर होत. दारात उभ्या राहून, घरात पाहुणे असोत नसोत, खणखणीत आवाजात विचारत, "काल घातलेलं आज पडलं का?" नव्या सुनांना वाटे, ही बाई आहे तरी कोण.

सगळंच त्यांचं बरोबर असे असं मात्र नाही. शेपटी वर वळलेल्या कुत्र्याला जंत जास्त असतात हे त्यांनी कुठून काढलं होतं देव जाणे. मी शंभरदा समजावलं. ऐकून घेत आणि वळलेल्या शेपटीच्या कुत्र्याकडे संशयाने बघत. मांजरांवर त्यांचा आंधळा विश्वास. मांजराला कसलाही रोग होत नाही म्हणत. चूक दाखवली की म्हणत, "तू शिकलीयस, तुझं खरं असेल," आणि आपलंच चालू ठेवत.

कडावच्या मटणवाल्याला त्यांनी वठणीवर आणला ती हकिगत अजून सांगतात. फोडांची कलेजी तो घमेल्यात जमवून मग दुकानामागे भिरकावी आणि तिथे कुत्र्यांची पंगत बसे. बाईंनी त्याला दोनदा सांगून पाहिलं. मग एका रविवारी सकाळी गर्दीच्या वेळी त्या दुकानासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या. गिऱ्हाईक आलं की प्रेमाने चौकशी करीत, घरचं विचारीत, आणि मग बरगडीखाली हात ठेवून सांगत, "माझ्या पोटात होतं ना ते, ते तसंच दिसतं बघा. त्या मागच्या घमेल्यात हाय." कुणाला भांडताही येईना. दोन-तीन गिऱ्हाइकं कोंबडीच्या दुकानाकडे वळली तेव्हा मटणवाला हात पुसत बाहेर आला. "बाई, तुमी घरी जा. मी आजच खड्डा खणतो." "झाकणासकट?" "झाकणासकट." खड्डा खणेपर्यंत बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. नंतर त्याच्याकडूनच अर्धा किलो घेऊन गेल्या.

खालापूरकडच्या फार्महाउसवर मात्र त्यांचं फारसं चाललं नाही. तिथल्या एका मालकाचा पांढराशुभ्र, गुबगुबीत कुत्रा होता. मालक म्हणाले, "आमच्या डॉगीचं सगळं व्हॅक्सिनेशन झालंय. आणि तो पॅकेटमधलंच खातो."

"ते पिसाळण्याचं झालं. हे पोटाचं," बाई म्हणाल्या. "आणि तुमी सोमवार ते शुक्रवार मुंबईला असता. तेव्हा तो काय खातो ते वॉचमनला विचारा."

वॉचमन जमिनीकडे बघू लागला. मालकांनी शेवटी गोळी देऊ दिली, पण बाईंनी सवयीने त्या पांढऱ्या कपाळावर जांभळा ठिपका ठेवला आणि आम्हाला तिथून जरा घाईनेच निघावं लागलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. एकदाच असं झालं की बाई हसल्या नाहीत, आणि पुढे महिनाभर त्या वेगळ्याच माणसासारख्या वागल्या.

कोंडाणे गावाच्या वर, लेण्यांकडे जाणारी वाट सोडून डाव्या अंगाला चढलं की एक ठाकरवाडी लागते. पाऊस ओसरत आला होता. उतारावर नाचणी भरत होती. आम्ही तिथे कुत्र्यांचा डोस द्यायला गेलो. उन्हं कलायच्या आत खाली उतरायचं म्हणून जरा घाईत होतो. वाडीच्या टोकाला एका म्हाताऱ्याचं घर आणि त्याला लागून शेत. म्हातारा घरी नव्हता, सून कामावर गेलेली. त्याचा कुत्रा, भुऱ्या, बांधावर उभा होता. एरवी आम्ही मालकाला विचारल्याशिवाय हात घालत नसू. त्या दिवशी बाईंनी चिमटा पुढे केला, भुऱ्याने बोंबील खाल्ला, गोळी गिळली, बाईंनी ती गळ्यातून उतरताना पाहिली, कपाळावर ठिपका दिला आणि आम्ही निघालो. त्याला सुई मी टोचली नव्हती. मालक धरायला नव्हता म्हणून ते पुढच्या खेपेवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुऱ्या मेला.

आम्हाला कळलं तोवर म्हाताऱ्याने त्याला पुरलं होतं. मी सांगत राहिले, की ही गोळी चुकून दुप्पट गेली तरी कुत्रा मरत नाही. पाऊस संपताना साप असतात, कुणी डुकरांसाठी विषारी काही ठेवतं, काहीही असू शकतं. पण कपाळावर जांभळा ठिपका असलेला मेलेला कुत्रा सगळ्या वाडीने पाहिला होता.

चार-पाच दिवसांनी त्यांच्या जागी आलेल्या नव्या नर्सचा फोन आला. बाई ओट्यापाशी मेथी धूत होत्या, मी फोन स्पीकरवर धरला. पोरगी रडकुंडीला आली होती. त्या वाडीच्या अंगणवाडीत महिन्याचा लसीकरणाचा दिवस होता. ती सकाळपासून बर्फाचा डबा घेऊन बसली होती. एकही आई पोर घेऊन आली नाही. "म्हणतात, जे औषध कुत्र्याला तेच पोरांना. बाई, तुमचं नाव घेतात हो."

बाईंनी मेथी पाण्यातून काढली, चाळणीत ठेवली, हात पुसले आणि खुर्चीवर बसल्या.

"त्या वाडीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा बायका मला बघून पोरांना रानात लपवायच्या," त्या म्हणाल्या. "पोरं माझ्याकडं आणायला त्यांना किती वर्षं लागली. आणि गेलं बघ एका कुत्र्यापायी."

मी म्हटलं, मी येते, डॉक्टर म्हणून समजावून सांगते.

"काय सांगशील?"

"गोळीने कुत्रा मरत नाही म्हणून."

"तू पोट फाडून बघितलंस?"

"नाही. पुरला होता ना."

"मग? तू म्हणशील मरत नाय, तो म्हणेल मेला. त्याच्या डोळ्यासमोर मेला. तुझं कोण ऐकणार?" आणि थोड्या वेळाने, "चूक गोळीची नसेल. पण मी त्याला विचारलं नाय. त्याचा कुत्रा होता."

रविवारी आम्ही दोघी वर गेलो. बाईंचे गुडघे दुखरे, चढायला वेळ लागला. म्हातारा ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. बाई अंगणात उभ्या राहिल्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मला हाताने थांबवलं.

"भुऱ्या दिवसा काय करायचा?"

म्हातारा थोडा वेळ विळा घासत राहिला. "राखण."

"कसली?"

"वानरांची. पोपटांची. उनाड गुरांची."

"आता कोण राखतं?"

"कोण राखणार? मीच हाय. माझ्यानं फिरवत नाय."

"मग उद्यापासनं मी येते," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याने तेव्हा प्रथम वर पाहिलं. बाईंच्या बुटांकडे, चष्म्याकडे. "तुमी?"

"माझ्या हातनं तुमचा कुत्रा गेला म्हणता ना. मग त्याचं काम कुणी करायचं?"

"बसायचं तर बसा," म्हातारा म्हणाला आणि परत विळ्याकडे वळला.

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाई नव्हत्या. कोंडाण्याकडे जाणाऱ्या पहिल्या टेंपोने त्या गेल्या होत्या, बरोबर छत्री, पत्र्याचा रिकामा डबा आणि तो चिमटा घेऊन. त्यानंतर नाचणी कापेपर्यंत त्या जात राहिल्या. सकाळी जायच्या, उन्हं उतरली की परत यायच्या. मी म्हणायचे, बाई, गुडघे. त्या म्हणायच्या, तेल लाव.

शनिवारी मी बघायला गेले. शेताच्या मधोमध दगडावर छत्री उघडून बाई बसल्या होत्या आणि चिमट्याने डबा बडवत होत्या. वाडीतल्या बायका दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हातारा ओट्यावरून बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने तिथूनच हाक दिली, "भुऱ्या एका जागी बसायचा नाय. फिरायचा."

बाई उठल्या. छत्री मिटली. बांधाबांधाने शेताला फेरी मारायला लागल्या, डबा बडवत. एक मोठा हुप्प्या बांधावर येऊन दात दाखवू लागला तेव्हा मी घाबरले. बाईंनी चिमटा पुढे केला आणि सवयीच्या आवाजात म्हणाल्या, "आ बंद कर. चल, नीघ." तो निघाला. म्हातारा तेव्हा हसला की नाही मला लांबून दिसलं नाही. खोकल्याचा आवाज तेवढा आला.

हळूहळू दुपारच्या वेळी बायका बाईंजवळ येऊन बसू लागल्या. त्यांतल्या अर्ध्या बायांना बाईंनी लहानपणी डोस पाजलेला होता. कुणाची कंबर, कुणाची पाळी, कुणाचं बाळ दूध पीत नाही, अशी बोलणी चालत. बाई सांगायचं ते सांगत. कुत्र्याचा विषय त्या काढत नव्हत्या आणि बायकाही काढत नव्हत्या. लसीचाही नाही. मी विचारलं, एवढ्या जवळ बसतात तर सांगत का नाही, पोरं आणा म्हणून. बाई म्हणाल्या, "राखण करायला आलेल्यानं राखण करावी."

एका दुपारी म्हातारा शेताच्या कडेच्या वेलावरून काकडी घेऊन आला. धोतराला पुसली, विळ्याने उभी चिरली आणि अर्धी बाईंपुढे धरली. त्या दिवशी मी तिथेच होते. मी बाईंकडे बघत राहिले. कुत्री फिरतात त्या मातीतली, न धुतलेली, कच्ची काकडी. बाईंनी ती हातात घेतली. क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि खाल्ली. सावकाश, सगळी, सालासकट. म्हाताऱ्याने उरलेली अर्धी खाल्ली.

खाली येताना, अर्ध्या वाटेवर, त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ पण नव्हतं."

नाचणी कापून झाली. बाईंचं जाणं थांबलं. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी नव्या नर्सबरोबर आम्हीही वर गेलो. बाई अंगणवाडीत शिरल्या नाहीत. बाहेर आंब्याच्या मुळीवर बसल्या, पाहुणी बसावी तशा. नर्सने बर्फाचा डबा उघडून ठेवला. बायका आपापल्या दारात पोरं काखेला घेऊन उभ्या होत्या. कुणी पुढे येईना. नर्स मधूनमधून बाईंकडे बघे, बाई समोरच्या डोंगराकडे.

मग वाडीच्या टोकाकडून म्हातारा आला. खांद्यावर नातवाला घेतलेला, मागे सून. अंगणवाडीसमोर येऊन तो थांबला आणि बाईंकडे बोट करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"ह्या बाईच्या गोळीनं माझा कुत्रा गेला."

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते गिळले.

"कुत्रा गेला," म्हातारा म्हणाला. "पर ह्याचा बाप हिच्याच डोसावर वाढला. मी काय दोन्ही इसरायचं?" मग त्याने नातवाला नर्ससमोर धरलं. "टोच गं पोरी."

पोराने गळा काढला. ते रडणं जसं काही बायकांना ओळखीचं वाटलं, एकेक पाय उचलू लागली. थोड्या वेळाने अंगणवाडीसमोर नेहमीसारखी गर्दी, नेहमीसारखी रडारड. बाई उठल्या, अंगणवाडीमागच्या नळावर गेल्या आणि पुष्कळ वेळ तोंड धूत राहिल्या. मग आल्या आणि नर्सला म्हणाल्या, "थंडगार लस तशीच टोचू नको गं, हातात जरा धर आधी." म्हणजे त्या परत जाग्यावर आल्या होत्या.

आम्ही उतरायला लागलो. मला म्हाताऱ्याचा राग आला होता. इतके दिवस त्याचं शेत राखून घेतलं, आणि चारचौघांत बोलला ते असं.

"बाई, तो अजून तेच धरून बसलाय," मी शेवटी म्हटलं. "गोळीनेच गेला म्हणतो."

"म्हणू दे."

"पण ते खरं नाही."

बाई वाटेवरच्या दगडावर हात टेकून थांबल्या. गुडघा चोळला. खाली कोंडाण्याची घरं दिसत होती, त्यापलीकडे कापलेली खाचरं.

"डॉक्टर गं," त्या म्हणाल्या, "त्याला पटलं म्हणून त्यानं पोर आणलं असतं तर ते सोपं होतं. त्याला पटलेलं नाय. तरी आणलं."

आणि चिमट्याची काठी करून त्या माझ्यापुढे उतरायला लागल्या.